आईचं यकृत अजून काम करतंय

१२ जानेवारी, दुपार

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. तुला नको असले तरी ठेवून घे.

सकाळपासून कानात गुरुजींची पट्टी वाजते आहे. आम्ही वर्गभर चालीवर कविता म्हणायचो आणि मध्येच ती मेजावर खाडकन आपटायची. "पुरे. आता अर्थ सांग." मी मान खाली घालायचो. पाठ मात्र सगळं असायचं.

माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात. कुंडीतलं लिंबू तगलंय.

तुझी आई जाण्याआधी तिच्या यकृताचा तुकडा तपासायला काढला होता, हे तुला सांगायचं राहिलं. त्यातल्या पेशींपासून प्रयोगशाळेत खसखशीएवढे जिवंत गोळे वाढवलेत. महिन्यातून एकदा मी बघून येतो. तिथल्या संशोधक बाईंना म्हटलं, अगदी यकृतासारखे दिसत असतील ना भिंगातून? त्या म्हणाल्या, "दिसून काय उपयोग, आजोबा? पित्त बनवून बाहेर टाकायला हवं, औषधाला उत्तर द्यायला हवं. तरच त्यांच्यावर केलेला प्रयोग खरा." मला पुन्हा पट्टी ऐकू आली. फोटो तर आपल्या घराचाही छान यायचा.

आईच्या गोळ्यांत पित्त आतच तुंबत होतं, थेट तिच्या पोटात तुंबायचं तसं. म्हणजे गोळे खरे निघाले. मग एका औषधाने ते वाहतं झालं. त्या दिवशी मी तिथल्या स्टुलावर बसून रडलो.

आता अर्थ सांगतो. तू फोनवर विचारलं होतंस, बाबा, आईला नक्की काय झालंय? मी म्हणालो, अशक्तपणा. तू पोहोचलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस, ते बरोबरच. पण पित्त तुंबण्याचा हा दोष आईकडून मुलीकडे उतरू शकतो. बाईंनी चार महिन्यांपूर्वीच बजावलं होतं, मुलीला तपासून घ्या, वेळेत कळलं तर काही करता येईल. मी रोज पत्र सुरू करायचो, कवितेच्या दोन ओळी लिहायचो आणि कागद फाडायचो.

थांब, दार वाजतंय.

जावई आलेत. न कळवता, एकटेच. काखेत दवाखान्याची फाइल, वर तुझं नाव. म्हणाले, "ती पिवळी पडलीये, बाबा. आईंना काय झालं होतं, ते डॉक्टर विचारताहेत."

पाणी आणायच्या निमित्ताने आत येऊन हे लिहितो आहे. पत्र पोस्टात टाकत नाही. त्यांच्याच हाती देतो, सोबत प्रयोगशाळेचा पत्ता.

अर्थ उशिरा सांगणारा,
तुझा बाबा