चाकं जमिनीवर असताना

ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, अण्णा आहेत. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनानेच जुळवतोस. मागच्या वेळी अण्णांचं रक्त फार कमी झाल्याचं सांगितलं, तर तू छान झालं म्हणालास. तेव्हा आता पत्रच.

मंगळवार, गुरुवार, शनिवार असं डायलिसिस चालू आहे. चार तास मशीनला जोडून घेऊन पडून राहायचं, त्याबद्दल अण्णांची तक्रार नाही. त्यांना नको होतो तो परतीचा रस्ता. तलावाकाठची नऊ वळणं आठवतात ना? आपली हॅचबॅक आता म्हातारी झाली. प्रत्येक वळणाला अशी कलते, की मागच्या सीटवर अण्णा दाराला जाऊन चिकटतात. पाचव्या वळणाला उलटी ठरलेली. मी रांगत नेते, मागून येणारे हॉर्न वाजवून माझा जीव खातात. भाड्याची गाडी करून पाहिली, तर उलटी झाल्यावर त्या ड्रायव्हरने पुन्हा यायचं नावच काढलं नाही.

परवा घरी आल्यावर अण्णा अगदी शांतपणे म्हणाले, की हा महिना जाईन, पुढच्या महिन्यापासून मला नेऊ नकोस. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर बंद केल्यास दहा-बारा दिवस, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. मी तिथून आले आणि गणवेशांच्या एकवीस बाह्या कापल्या. रडायला बसले असते, पण शाळेला माल द्यायचा होता.

काल माळ्यावर कापडाचे गठ्ठे ठेवायला चढले, तर तुझा तो वाकडा दांडा हाती लागला. अँटी-रोल बार. बारा वर्षांपूर्वी गाडी जोरात पळवता यावी म्हणून तू आणलास, अण्णांनी तो माळ्यावर फेकला आणि त्याच आठवड्यात तू घर सोडलंस. त्या भांडणात मी तोंडातून शब्द काढला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. पण मागच्या दोन चाकांमध्ये हा दांडा बसवला की गाडी वळणात कलत नाही, हे तूच तेव्हा मला तासभर समजावलं होतंस. इथल्या गॅरेजवाल्याने जुन्या गाडीला असलं काही लावत नाही म्हणून हात वर केले. म्हणून मीच बसवते. कसा, ते लिही.

माझ्यावरचा लोभ आहे तेवढा ठेव, आणि अक्षर जरा वाचता येईल असं काढ.

तुझी
ठमी

&nbsp;

ता. ७ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र चारदा वाचलं. मी यायला हवं होतं, हे तू लिहिलं नाहीस, तरी मला दिसलं. कसा येऊ? वर्कशॉपमध्ये आता मी गाड्यांना हात लावत नाही. मेकॅनिकला आधी कान लागतात, हाताचं नंतर. मला स्पेअर पार्टच्या खिडकीत बसवलंय. लोक चिठ्ठीवर लिहून मागतात, मी काढून देतो. पाठीमागे कोणी काही बोलत नाही, आणि बोललं तरी मला कुठे कळतंय. हे अण्णांना सांगू नकोस. दारात उभं राहून त्यांनी काही विचारलं आणि मी नुसताच बघत राहिलो, तर ते मला सोसायचं नाही.

आता काम. मागची चाकं जॅकने उचलून गाडी दोन स्टँडवर ठेव. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरलीस, तर मी तिथे येऊन कान उपटीन. दोन ब्रॅकेटनी दांडा मागच्या अ‍ॅक्सलला धरायचा. दांड्याच्या दोन टोकांना दोन लिंक, म्हणजे त्या वीतभर सळ्या. त्यांचं वरचं टोक गाडीच्या अंगाला. जिथे जिथे रबरी बुश आहे, म्हणजे सांध्यातलं रबराचं कडं, तिथे ग्रीस लाव. सतरा नंबरचे दोन पाने लागतील. गंजलेल्या बोल्टला आदल्या दिवशी तेल पाज.

आणि एक ऐक. दांडा बसला की गाडीची शेपटी हलकी होते, मागची चाकं लवकर घसरतात. ओल्या रस्त्यावर वळणात अ‍ॅक्सलरेटरवरून एकदम पाय काढून घेऊ नकोस.

तब्येतीला जप. इथे कोणी तुझी आठवण काढत नाही असा दिवस नाही. ‘कोणी’ म्हणजे मीच.

तुझा
दादा

&nbsp;

ता. १४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बसला! रविवारी सकाळी आठला खाली गेले, ती बाहेर आले तेव्हा तीन वाजले होते. त्यातले दोन तास निव्वळ वाया. मला वाटलं, एक बाजू उचलली तरी चालेल. मग दांड्याची भोकं जुळेनात, चांगली दोन बोटं सरकलेली. ओढलं, लोंबकळले, दांड्याला नाही नाही ते बोलले. शेवटी शिवणकामाची टेप घेऊन दोन्हीकडची मापं घेतली, तेव्हा उजेड पडला. दोन्ही बाजू सारख्या उचलल्या आणि बोल्ट मुकाट्याने आत गेला. दोन्ही कोपरं सोलवटलीत, केसांना ग्रीस. नट सगळे लोंबकळत्या चाकांवरच जीव खाऊन आवळले आणि गाडी खाली घेतली.

काल मंगळवार. पहिल्या वळणाला मी आरशात अण्णांकडे बघितलं. गाडी सरळ राहिली, दादा! अण्णा आपल्या जागी बसून राहिले. पाचवं वळण गेलं, नववं गेलं, उलटीची पिशवी कोरडी. खड्ड्यात मात्र पूर्वीपेक्षा जास्त आदळते. घरी उतरवताना अण्णांनी एवढंच विचारलं, की बुशला ग्रीस लावलंस ना. पस्तीस वर्षं लेथ चालवलेल्या माणसापासून मी काय लपवणार! दांडा कुठला, हे त्यांनी विचारलं नाही. पण पुढच्या महिन्याच्या तारखा त्यांनी स्वतः कॅलेंडरवर लिहिल्या.

मी फार दमलेय. आज बाही उलटी जोडली, उसवली आणि पुन्हा उलटीच जोडली.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ठमी

&nbsp;

ता. १८ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

शाबास! पत्र खिशात घालून हिंडतोय. पण लोंबकळत्या चाकांवर आवळल्याचं वाचलं आणि ती ओळ पुन्हा वाचली. चूक तुझी नाही, माझी. आमच्याकडे काम खड्ड्यात उतरून करतात, गाडी वर आपल्या चाकांवरच उभी असते. त्यामुळे ही गोष्ट वेगळी सांगावी लागते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

लिंकचे नट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर असताना, गाडीचं वजन त्यांवर असताना. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि थोड्या दिवसांत फाटतं. मागची चाकं जाड फळ्यांवर चढव, नट सैल कर, आत कोणाला तरी बसव आणि पुन्हा आवळ. तासाभराचं काम. केलंस की लगेच कळव, तोवर मला चैन नाही.

रागावू नकोस, आणि तुझ्या मनातली माझी जागा भाड्याने देऊ नकोस.

तुझा
दादा

&nbsp;

ता. २३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आवळले नट. काळजी करू नकोस.

अण्णा बरे आहेत. काल गाडीत चक्क डुलकी लागली त्यांना. एक मात्र राहवत नाही म्हणून लिहिते. तुझे कान गेल्याचं मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी त्यांच्या हाताचं ऑपरेशन झालं, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तुला स्वतः फोन केला होता. बारा वर्षांत पहिल्यांदा. ते बोलत राहिले, तू दोनदा हॅलो म्हणून फोन ठेवलास. तू मुद्दाम ठेवलास असंच ते धरून बसलेत, तेव्हापासून तुझं नाव काढत नाहीत. सांगू नकोस म्हणालास, ते मी किती दिवस पाळू?

आज एवढंच. डोळे मिटताहेत. लोभाचं तू जाणतोसच.

तुझी
ठमी

&nbsp;

ता. ९ मार्च

चि. थोरल्यास,
अनेक आशीर्वाद.

हात थरथरतो, अक्षर समजून घे. तुझ्या बहिणीने गेलं पत्र टाकायच्या आधी पाकीट उघडंच माझ्या पुढ्यात ठेवलं आणि चिकटवून ठेवायला सांगून गेली. दुसऱ्याचं पत्र वाचू नये. मी वाचलं. शेजारीच तुझं नटांबद्दलचं पत्र होतं, तेही.

पहिली गोष्ट. नट तिने आवळलेले नाहीत. मी दिवसभर खिडकीशी असतो, गाडी समोरच उभी असते. त्या रविवारनंतर ती गाडीखाली गेलेली नाही. तिला बोलू नकोस. ती हल्ली शिवणाच्या मशीनवरच डोकं टेकून झोपते. पुन्हा त्या फरशीवर आडवं व्हायची ताकद तिच्यात नव्हती, आणि तसं लिहायचीही नव्हती.

दुसरी गोष्ट. तिसऱ्या वळणापासून मागे डावीकडे खट् असा आवाज येतो. रबर फाटायला लागलंय. नट लॉकचे आहेत, गळून पडायचे नाहीत, आणि ती सावकाश नेते. पण महिनाभर असं चालणार नाही. इंजिनाच्या आवाजात तिला तो ऐकू येत नाही. मी सांगितलं तर ती आत्ता खाली शिरेल, म्हणून सांगितलेलं नाही.

तिसरी गोष्ट लिहायला तीन दिवस लागले. त्या फोनवर मी तुला ये म्हणत होतो. तू ठेवलास, ते मी मनाला लावून घेतलं. तुला ऐकू आलं नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लेथच्या खात्यात माझ्या शेजारच्या दोघांचे कान गेले, तरीही नाही. दांडा फेकला तोही रागाने नव्हता. तू त्या गाडीत मरशील, अशी धास्ती घेतली होती मी. ते तोंडाने सांगायला हवं होतं. आता त्याच दांड्यावर मी दवाखान्यात जातो-येतो.

तू ये. येताना डावीकडचे बुश आण. जाड फळ्या मी शेजाऱ्याकडून मागून ठेवल्यात. आवळताना गाडीत वजन हवं, तर मागच्या सीटवर मी बसेन. आवाज कुठून येतो ते मी ऐकतो आणि बोटाने दाखवतो, तू आवळ. आपल्याला बोलावं लागणार नाही.

वाट पाहतो आहे.

तुझे
अण्णा