अप्पांचे थांबलेले पाय

अप्पा, काल शाळेच्या मैदानावर मी एक फोटो काढला. खो-खोचा सामना होता, आणि आठवीतल्या एका पोरीनं खांबाकडं असा सूर मारला की बघणाऱ्यांचा श्वास अडकला. फोटोत ती हवेतच आहे, हात पुढं, वेणी मागं, आणि पापण्यासुद्धा स्पष्ट दिसतात. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी कौतुक केलं. एकीनं विचारलं, "बाई, नवा कॅमेरा घेतलाव काय?" नवा कुठला! तोच आहे, नोकरी लागल्यावर घेतलेला, साधाच, शिकाऊ माणसाचा. मुठीवरचं रबर सुटलंय, ते मी चिकटपट्टीनं धरून ठेवलंय. याच कॅमेऱ्यापायी मी तुमचं नाचणं बंद पाडलं, हे त्यांना काय सांगणार? तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि तुम्हाला तरी मी कुठं धड सांगितलंय.

कॅमेरा घरी आणला तो दिवस मला लख्ख आठवतो. अव्वा चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसून हात धुऊन पुसताय, परत पुसताय, मग दोन्ही तळव्यांवर कॅमेरा घेताय. म्हणालात, "ह्यात मी नाचायलेला येईन का गं?" बस, एवढंच मागितलंत. वीस वर्षं तुम्ही जत्रेत वीरभद्राच्या पालखीपुढं पुरवंत म्हणून नाचलात, छातीवर पितळी देव बांधून, हातात तलवार घेऊन, आणि तुमचा त्यातला एक फोटो नव्हता. घरात तुमचा फोटो म्हणजे अव्वाबरोबरचा, लग्नातला, त्यातही मुंडावळ्याच जास्त. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "येताल की! न येऊन काय झालं?"

आणि त्या जत्रेत एक फोटो धड आला नाही. देवळाच्या पायरीजवळच्या लिंबाखाली मी उभी, तुम्ही हलगीच्या तालावर सरळ माझ्याकडं येताय. मी बटण अर्धं दाबायची, कॅमेरा टिक् करायचा, मग मी पूर्ण दाबायची. तेवढ्यात तुम्ही तीन पावलं पुढं आलेले असायचात. जिथून निघालात ती जागा फोटोत चकचकीत, तिथली फरशी, तिथल्या माणसांचे पाय सगळं स्पष्ट, आणि तुम्ही धुरकट. मला राग आला. माझा राग तुम्हाला ठाऊकच होता, नाकाच्या शेंड्यावरच असायचा. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मी तुमच्यावरच उखडले, वर्गात पोरांवर उखडते तसंच. "अप्पा, एक मिनिट तरी थांबायचं की! सारखं हलायलाव, कॅमेऱ्यानं काय करावं?" तुम्ही एकेक फोटो बघितलात आणि म्हणालात, "व्हय की. मीच हलायलोय." जणू नाचताना हलणं हा तुमचा अपराध होता.

आपल्या गावची रीत मला काय माहीत नव्हती? पारापासून देवळाच्या पायरीपर्यंत पुरवंताचे पाय थांबायचे नाहीत. ताप असो, पायात काटा जावो, थांबायचं नाही. पुढच्या वर्षी मी परत त्या लिंबाखाली उभी राहिले. तुम्ही जवळ आलात, आपली नजरानजर झाली, आणि मी हात वर केला. शाळेत पोरांच्या रांगेला थांबवताना करते तसा. अप्पा, मला वाटलं नव्हतं तुम्ही खरंच थांबाल. पण थांबलात. दोन्ही पाय जुळवून, तलवार उभी धरून, हसरं तोंड करून, लग्नातल्या फोटोसारखे. हलगीवाल्याचा हात चुकला. मागं पालखी अडखळली. मी फोटो काढला.

मग सगळीकडं कुजबुज सुरू झाली. थोरले काका गर्दीतून पुढं आले, लालबुंद होऊन. "कामून थांबलास रे? आजवर कुणी थांबलंय का हितं?" तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. खाली वाकून उजवा गुडघा धरलात आणि म्हणालात, "गुडघा धरला, अण्णा. पाऊलच उचलंना." काकांचा राग तिथंच विरघळला, त्यांनी तुमच्या काखेत हात घालून तुम्हाला पायरीवर बसवलं. मी पाच हातांवर उभी होते, गळ्यात कॅमेरा.

त्यानंतर आठवडाभर तुम्ही घरातसुद्धा लंगडत होता. अव्वा रोज सकाळी तिळाचं तेल कोमट करून तुमचा धडधाकट गुडघा चोळायची, रुईची पानं बांधायची, आणि तुम्ही तोंड वाकडं करून "हळू गं" म्हणायचात. मी भाजी निवडत समोर बसलेली असायची. एकदाही तुम्ही माझ्याकडं डोळा वर करून बघितलं नाही, की मला टाकून बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं हो. पुढच्या जत्रेत काकांनी तलवार माझ्या चुलतभावाच्या हाती दिली, आणि तीही तुमच्या मायेपोटीच. "आता गुडघ्याला आराम दे," म्हणाले. तुम्ही कडेला उभे राहिलात. हलगी सुरू झाली तशी धोतराखाली तुमच्या टाचा वर-खाली होत होत्या. ते बघणारी मी एकटीच होते.

ती जत्रा होऊन दोन-तीन महिने झाले असतील. तालुक्याच्या क्रीडास्पर्धांना मी पोरी घेऊन गेले होते. तिथल्या एका फोटोवाल्यानं माझे फोटो बघितले आणि म्हणाला, "बाई, तुम्ही फोकस सिंगलवर ठेवलाव, एकदा धरलं की तिथंच थांबतंय. कंटिन्युअसवर टाका की." मेनू उघडून त्यानं दोन बटणं दाबली. झालं. "आता मधला ठिपका पोरीच्या छातीवर धरा, बोट अर्धं दाबून ठेवा, सोडू नका. ती जिकडं पळती तिकडं तुम्ही फिरा. फोकस मागनं येतंय." दुकानदारानं जे सेटिंग ठेवून दिलं होतं त्याच्यावरच मी तो कॅमेरा इतके दिवस वापरत होते. दहातले पाच-सहा तरीही बिघडले, साध्या कॅमेऱ्याला तेवढं चालायचंच. पण चार आले. अंगावर धावून येणाऱ्या पोरी, जशाच्या तशा.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला सगळं सांगायचं ठरवून आले होते. तुम्ही ओट्यावर बसून शेंगा फोडत होता. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवले. बराच वेळ बघितलेत. मग विचारलंत, "ह्या पोरी थांबल्या न्हाईत?"

"न्हाई अप्पा."

"पळायल्या होत्या तशाच?"

"व्हय."

तुम्ही शेंग फोडलीत, दाणे माझ्या हातावर ठेवलेत. "मग बरं झालं," म्हणालात.

मी दाणे खाल्ले. एवढंच केलं मी. काकांच्या घरी चालत जायला दोन मिनिटं लागतात. 'गुडघ्याला काही झालं नव्हतं, मी हात वर केला म्हणून अप्पा थांबले,' इतकंच सांगायचं होतं, म्हणजे पुढच्या वर्षी तलवार परत तुमच्या हातात आली असती. पण गावात बाई म्हणून मान होता, देवाची पालखी अडवली म्हणून लोक काय म्हणतील, या भीतीनं माझे पाय हलले नाहीत. जत्रेच्या आधी सांगू, असं म्हणत राहिले. जत्रेच्या आधी तुम्हीच गेलात.

तो फोटो भिंतीवर आहे, हार घातलेला. अगदी स्पष्ट आलाय, पितळी देवाच्या मिशासुद्धा दिसतात. येणारा-जाणारा म्हणतो, काय छान आलेत अप्पा. माझ्यानं त्याकडं बघवत नाही. मी पहिल्या वर्षीचे धुरकट फोटो बघते, त्यात तुम्ही नाचताय.

काल अव्वाला खो-खोच्या पोरीचा फोटो मोबाइलवर घेऊन दाखवला. तिनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग भिंतीकडं बघितलं. "तुझ्या अप्पाचा असा एक निघाया पाहिजे होता माय. मेल्या गुडघ्यानं घात केला." आणि मी म्हणाले, "व्हय अव्वा." अप्पा, बारा वर्षांत किती वेळा म्हणाले असेन.

आज रविवार, दुपारपासून मी हे लिहीत बसलेय. आत्ताच अव्वा दारात येऊन विचारून गेली, "काय लिहायलीस एवढं?" मी म्हणाले, शाळेचं हाय. कागद झाकलासुद्धा नाही. अव्वाला वाचता येत नाही, म्हणून तर लिहिलं.