अर्धी बोट

पॉइंत हेरों, लुइझियाना
३ फेब्रुवारी १९८७

चि. क्लेली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कोळंबीचा हंगाम अजून लांब आहे, तरी तुझे एवारिस्त भावोजी सकाळ झाली की धक्क्यावर. जाळी दुरुस्त करायची आहेत म्हणे. जाळी आमच्या अंगणात पडली आहेत. धक्क्यावर आहे ती व्हर्नीसची बर्फाची वखार. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं नाही तोवर त्या बाईने काळे कपडे सोडून निळा फ्रॉक चढवला. गेल्या वर्षी बोटींना आशीर्वाद देण्याच्या रविवारी मी तापाने पडून होते. आमच्या बोटीच्या पुढच्या टोकाला, माझ्या जागेवर, कोण उभी होती ते अख्ख्या गावाने पाहिलं. फादरनी शिंपडलेलं पाणी तिच्या अंगावर पडलं. मी विचारलं, तर एवारिस्त म्हणाला की बाईमाणसाशिवाय बोट नेली तर अपशकुन होतो. गावात दुसरं बाईमाणूस नव्हतंच जणू!

तू वकिलाच्या कचेरीत आहेस, म्हणून लिहिते. घर आणि बोट, दोन्ही आम्ही लग्नानंतर घेतलं, म्हणून दोन्ही निम्मं-निम्मं, एवढं मला ठाऊक आहे. मला असा कागद हवा की घर माझं आणि बोट त्याची. उद्या काही वेडंवाकडं झालं तर ती बाई माझ्या शेगडीशी उभी राहून गम्बोचा रस्सा ढवळता कामा नये. कागद तू टाइप करून पाठव. रविवारी जेवून सुस्तावला की सही घेईन.

तुझी आठवण रोज निघते. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ओदील


न्यू ऑर्लीन्स
९ फेब्रुवारी १९८७

ती. सौ. ओदीलताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोहोचले. तू मागतेस तसा कागद मी टाइप केला, तरी त्याची किंमत कोऱ्या कागदाएवढीच राहील. असा करार लग्नाआधी करायचा असता, तर तुम्हा दोघांच्या सह्या आणि नोटरी यांवर भागले असते. लग्न झाल्यानंतर आपल्या राज्यात न्यायाधीशाची परवानगी लागते. अर्ज दोघांनी मिळून करावा लागतो. करार दोघांच्याही हिताचा आहे आणि त्याचा अर्थ दोघांनाही समजला आहे, अशी न्यायाधीशाची खात्री पटली, तरच नोटरी व दोन साक्षीदारांसमोर सह्या होतात. सुस्तावलेल्या नवऱ्याची सही तेथे चालत नाही. भावोजींना समोर बसवून सगळे सांगण्यावाचून तुला गत्यंतर नाही.

एक मात्र लिहिते, रागावू नकोस. ज्या शनिवारी नाचाच्या हॉलमध्ये भावोजी प्रथम आले, त्या शनिवारी त्यांनी नाचासाठी विचारले होते मला. तू मला सरबत आणायला धाडलेस. मी दोन पेले घेऊन परतले, तेव्हा तुमचा तिसरा नाच चालू होता. तेव्हा जागा कशी जाते, हे व्हर्नीसने तुला नव्याने शिकवलेले नाही.

आहे तो लोभ वाढावा, ही विनंती.
तुझी धाकटी,
क्लेली


पॉइंत हेरों
२ मार्च १९८७

चि. क्लेली हिस,
अनेक आशीर्वाद.

सरबताची गोष्ट तू अजून धरून बसली आहेस! तेव्हा मला खरंच तहान लागली होती.

एवारिस्तला सांगितलं. आधी हसला, मग भडकला. मी काय बुडती बोट आहे, म्हणून तू सामान आधीच उतरवून घेतेस, असं म्हणाला. दोन दिवस माझ्या हातची कॉफी घेतली नाही. मग आपणहून म्हणाला, चल, करतो सही. पण मला नीट शिकव, न्यायाधीशापुढे मी बावळट दिसता कामा नये. आता संध्याकाळी पडवीत आमची शाळा भरते. मी कोळंबी सोलते आणि घर कोणाचं, कर्ज कोणाचं, ते विचारते. घडाघडा सांगतो. अर्जावर दोघांच्या सह्या झाल्या.

पण काल त्याने विचारलं, बोट एकट्याची झाली म्हणजे तिच्यावर कोणाला घ्यायचं हेही एकट्यानेच ठरवायचं ना? आणि विचारताना शीळ घालत होता. क्लेली, हे खरं का?

लवकर लिही, जीव टांगणीला आहे.
ओदील


न्यू ऑर्लीन्स
७ मार्च १९८७

ती. सौ. ओदीलताईस,
सा. न. वि. वि.

खरे आहे. करार झाल्यावर पत्नी म्हणून तू भांडू शकशील. मालकीण म्हणून नाही. घर वाचवण्यासाठी तू बोट आपल्या हाताने धक्क्याला लावून देते आहेस.

माझा हेवा तुला कधी वाटणार नाही. माझ्या खोलीत एकच खुर्ची आहे आणि ती अजून कोणी मागितलेली नाही. मात्र तुझ्याजवळ हिरावले जाण्याजोगे काही आहे, याचा मला फार हेवा वाटतो.

लोभाचा वाटा मागे ठेवावा.
क्लेली


पॉइंत हेरों
६ एप्रिल १९८७

चि. क्लेली हिस,
अनेक आशीर्वाद.

न्यायाधीश म्हातारे, आपल्यासारखं फ्रेंच बोलणारे. त्यांनी एवारिस्तला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावलं. हा म्हणाला, साहेब, एका शेगडीवर दोन पातेली. तिच्यात पडेल ते तिचं, माझ्यात पडेल ते माझं, आणि करपलं तर ज्याचं त्याने घासायचं. न्यायाधीश खूश झाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, बाई, यात तुमचं हित काय?

उत्तर पाठ होतं. पण मागे वळून पाहिलं, तर शेवटच्या बाकावर व्हर्नीस! वखारीच्या कसल्याशा परवान्यासाठी आली होती म्हणे. निळा फ्रॉक. मी म्हटलं, साहेब, घर राहू दे निम्मं. बोट मी सोडत नाही. ही बाई पुन्हा तिच्यावर चढली, तर माझ्या अर्ध्या भागावरून उतर, असं सांगायचा हक्क मला हवा आहे.

अख्खं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, मग हा करार तुमच्या हिताचा नाही. अर्ज परत न्या. एवारिस्त घराजवळ आल्यावर म्हणाला, तुझ्या अर्ध्या बोटीला रंग तू दे, माझी कंबर दुखते. व्हर्नीसबद्दल मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. रंग मात्र काल दोघांनी मिळून दिला.

या महिनाअखेरच्या रविवारी आशीर्वाद आहे. तू ये. माझ्या अर्ध्या भागावर माझ्याशेजारी उभी राहा, म्हणजे तिसरीला जागाच उरणार नाही.

वाट पाहते.
ओदील


न्यू ऑर्लीन्स
११ एप्रिल १९८७

ती. सौ. ओदीलताईस,
सा. न. वि. वि.

रजा मिळाली, आशीर्वादाच्या आदल्या दिवशी, शनिवारच्या बसने येते.

एक बारीक मुद्दा मात्र तुला आधी सांगायला हवा होता. सामाईक मालमत्तेतील अर्धा हिस्सा म्हणजे बोटीची पुढची किंवा मागची बाजू नव्हे. तिची प्रत्येक फळी, प्रत्येक खिळा निम्मा तुझा आणि निम्मा भावोजींचा. तेव्हा तू मला कुठेही उभी केलीस, तरी निम्मी मी त्यांच्याकडेच उभी असेन. सरबत आणायला गेलेल्या मुलीला इतके पुरेसे आहे.

निळा फ्रॉक माझ्याजवळही आहे. तो घालू की नको, हे उलट टपाली कळवावे.

लोभ आहे तसाच, अविभाजित असू द्यावा.
तुझी धाकटी,
क्लेली