पुस्तकातल्या पोरीची मापं

अब्बा, शिरूरचं दुकान शेवटी भावानं रिकामं केलं. तुमचं शिलाई मशीन त्यानं ठेवलं आणि मापांची वही माझ्याकडे दौंडला पाठवून दिली. म्हणाला, हिच्यात कपड्यांपेक्षा तुझी कादंबरीच जास्त आहे. रविवारभर ती मांडीवर घेऊन बसले होते. घरात दुसरं कोणी नाही, त्यामुळे मोठ्यानं हसले तरी चाललं आणि नंतर रडले तरीही.

बारावीला ती जुनी इंग्रजी कादंबरी लागली होती. माळावरचा दगडी बंगला, त्यात कुढत बसलेला मालक, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली म्हातारी, आणि त्या घरात कामाला आलेली अनाथ पोरगी. गोष्ट भीतीची होती, पण मला भीती इंग्रजीचीच वाटायची. दुकानातल्या स्टुलावर मी रडकुंडीला आलेली, आणि तुम्ही, सातवी पास, गळ्यात टेप अडकवून म्हणालात, "माणसं ध्यानात ऱ्हात न्हाईत म्हंजी काय? मापं घ्यायची त्यांची." घरी आपण दखनी बोलायचो, पण दुकानाची भाषा मराठी, म्हणून ती कादंबरी आपल्या दोघांत मराठीतच राहिली.

तुम्ही खरोखरच वही काढलीत. "किल्लीवाली बाई उंचीला कशी हाय?"

"लिहिलेलं नाही, अब्बा."

"लिवलं नसलं तरी दिसती ना? एवढ्या किल्ल्या वागवती, एक अंग उतरलेलं आसणार तिचं." आणि तिचा डावा खांदा अर्धा इंच कमी धरलात. मालकाचा कोट छातीला सैल ठेवलात, कारण "धड जेवतच न्हाई तो." नवे शब्द मी कटिंगच्या टेबलावर तुमच्या खडूनं लिहायची, अर्थ बरोबर आला की तुम्ही चिंधीनं पुसून टाकायचात. 'डेसोलेट'पाशी एकदा अडलो. मी म्हटलं, ओसाड. "माणसं नसली म्हणून ओसाड, का आसूनबी?" तुम्ही विचारलंत. पेपरात एवढं विचारत नाहीत, मी वैतागून म्हटलं. आता हाच शब्द मी दौंडच्या कॉलेजात शिकवते, आणि दरवर्षी तिथंच माझी गाडी अडते.

उठायच्या वेळी मात्र रोज एकच विचारायचात, "पोरगी त्या घरातनं सुखरूप निघती का?" परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी खेकसले, "मरते ती, अब्बा! झालं समाधान?" तुमची कात्री थांबली. गिऱ्हाईक समोर उभं असताना तुम्ही शटर अर्धं ओढलंत आणि नमाजाला निघून गेलात. नमाजाची वेळही झाली नव्हती. मला वाटलं, माझ्या चढ्या आवाजाचा राग आला.

पुढं मी पुण्याच्या हॉस्टेलात गेले, तर दर आठवड्याला तुम्ही एसटीनं हजर. डबा हातात द्यायचात, फाटकातूनच माझी खिडकी कुठली ते बघायचात, "झोप लागती का? दाराला आतनं कडी हाय ना?" एवढं विचारून परतीची गाडी पकडायचात. मैत्रिणी हसायच्या. तिसऱ्या वर्षी मी तुम्हांला सांगितलं, आता येत जाऊ नका. तुम्ही आला नाहीत, आणि दिवाळीच्या सुट्टीला मी घरी यायच्या आत गेलातही.

परवा वहीत ते पान सापडलं. वर तुमच्या अक्षरात 'पुस्तकातली पोरगी', खाली उंची, छाती, बाही, गळा. मी उठले, बारावीच्या निरोप समारंभासाठी तुम्ही शिवलेला ड्रेस कपाटातून काढला आणि टेप लावला. बाही तीच, गळा तोच, उजवा खांदा पाव इंच वर आहे तोही तसाच. सगळी मापं माझी होती.

अब्बा, त्या दिवशी मी पुस्तक संपवलंच नव्हतं. तुम्ही गप्प बसावं म्हणून तोंडाला येईल ते बोलले, आणि खरा शेवट वाचल्यावर चूक कबूल करायची लाज वाटली म्हणून सांगितला नाही. पोरगी मरत नाही. त्या घरातून ती आपल्या पायांनी बाहेर पडते. पुढं दुसऱ्या गावात नोकरी करते, एकटी राहते, आतून कडी लावते आणि शांत झोपते.

हे पत्र त्याच पानात घालून ठेवते. नोकरीपासून पुढचं पुस्तकात नाही, ते मी माझं घातलंय. आणि त्यातलं झोपेचं तेवढं खोटं आहे.