दारातली जीप

स्वीडन, रविवार

तीर्थरूप आण्णा,

लांबूनच पाया पडतो. फोनवर तुम्ही "बरं हाय" म्हणून लगेच माईकडं देता, म्हणून पत्र लिहून राहिलो.

तब्येत ठीक हाय. माईचा स्वेटर थंडीला पुरतो. तुमच्या डोळ्यांचं डॉक्टर काय म्हणाले?

इथं शनिवारी लोक साठ-सत्तर वर्षांच्या लांबलचक अमेरिकन गाड्या पुसून रस्त्यावर काढतात अन् बैलगाडीच्या चालीनं फिरवतात. कारखान्यातला माझा अमेरिकन सोबती बघतच राहिला. म्हणाला, "आमच्या गावात एवढं वेड न्हाई. आज्याची अशीच गाडी आम्ही भंगारात घातली." मला हसता आलं न्हाई.

आपली जुनी जीपबी मूळची अमेरिकेचीच. तुम्ही मला नांदेडला कॉलेजात सोडायला यायचे, तर पोरं बघतील म्हणून मी अलीकडच्या पुलावरच उतरायचो. इकडं येताना जीप घेऊन जा म्हणून भंगारवाल्यालाबी मीच सांगून आलो.

त्यानं नेली असली तर चूक माझी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. दारात असली तर त्याला माघारी लावा.

दिवाळीला येतो. जीप घेऊन स्टेशनावर या. धाकट्या भागवतला चालवू द्या, तुम्ही शेजारी बसा. आधी कॉलेजच्या फाटकापर्यंत जाऊ, मग घरी.

तुमचा,
रामलिंग