गेणबा आबांची सीडी

तळेगाव ढमढेरे
११ नोव्हेंबर २००६

प्रिय म्हाळसा,

तुझ्या वडिलांच्या, आबांच्या वर्षश्राद्धाला त्यांनी गायलेलं सुंबरान, ते धनगरी देवाचं गाणं, सगळ्या भावकीला ऐकवायचंय, सीडी पाठव, असं तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. मी उत्तर टाळत होतो. रागावू नकोस, आधी बाकीचं सांगू दे.

विद्यापीठातली आपली मल्टिमीडिया प्रयोगशाळा बंद झाली. शहाण्णव साली ग्रंथालयामागच्या खोलीत दोन संगणक मांडले, तेव्हा संशोधन कशाचं करायचं हे आपल्या विभागप्रमुख सरांनाही धड ठाऊक नव्हतं. बाहेरच्या रिक्षा रेकॉर्डिंगमध्ये यायच्या, म्हणून तू तुमच्या भांडगावहून घोंगड्या आणून भिंतींना ठोकल्यास. उन्हाळ्यात मेंढरांचा वास सुटायचा आणि पाहुणे नाकाला रुमाल लावायचे! तरी दहा वर्षांत चाळीस गावांची गाणी जमवली आपण. आता तिथं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत, आणि मी परीक्षा विभागात शिक्के मारतो.

अठ्ठ्याण्णवला आबा आले होते. माइककडे बघून म्हणाले, "ह्यात आवाज ऱ्हातो व्हय? मंग म्या नसलो तरी पोरीला ऐकाया गावंल." डोळे मिटून तासभर गायले. तू पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर जाऊन रडलीस, मला कळलं होतं.

टेपा कायम कमी पडायच्या. सीडी झाली की टेप पुसून पुन्हा वापरायची, ही आपलीच रीत. आबांच्या टेपवर पुढं कुठल्याशा उद्घाटनाचं भाषण घेतलं. मेलं ते भाषण अजून खणखणीत वाजतं.

सीडीवर नाव घालायचा मार्कर त्या दिवशी वाळला होता. मी बॉलपेन घेतलं. तू शेजारी उभी होतीस, 'अक्षर किती सुरेख रे' म्हणालीस आणि मी एकेक अक्षर पुन्हा दाबून गिरवलं. आवाजाचा थर नावाच्याच बाजूला, अगदी वरवर असतो, हे तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं होतं? त्या दिवशी वाजली. पुढं थर सोलत गेला. शिरूर, पुणे, सगळीकडे फिरलो, सगळ्यांनी हात टेकले. मार्करनं नाव घातलेल्या बाकीच्या सीड्या वाजतात, म्हाळसा. आबांची तेवढी वाजत नाही.

घोंगड्यांच्या घडीत ती सीडी ठेवून पाठवतोय. भावकीला काय सांगायचं ते मला सुचत नाही. उजेडात तिरकी धरलीस की 'गेणबा आबा' एवढं वाचता येईल, तुला आवडलेल्या अक्षरात.

तुझाच,
विनोद