हौसेचा निळा दिवा

ता. ९, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. माझं सगळं ठीक, गुडघा सोडून. तू माझे मेसेज उघडतच नाहीस, म्हणून पत्र लिहायला बसले. शेजारच्या काकू सांगत होत्या, रविवारी दुपारी तू येऊन गेलीस. तीन-चारदा बेल वाजवलीस, खिडकीतून मी पाठमोरी खुर्चीत बसलेली दिसले, आणि "सख्खी बहीण दार उघडत नाही" म्हणत तू तणतणत निघून गेलीस. ताई, मी मुद्दाम नाही गं केलं. सगळा घोळ त्या बेलचा आहे.

बेल चालते वायफायवर. दिवे स्वस्तात मिळाले म्हणून घेतले, ते निघाले झिगबी नावाच्या तिसऱ्याच पद्धतीचे. उशीखाली ठेवायची एक थरथरणारी चकती आहे, ती ब्लूटूथवर. तिन्ही बिनतारी, पण एकाचं बोलणं दुसऱ्याला कळेल तर शपथ! वायरमन म्हणाला, "मावशी, आधी विचारायचं ना. सगळं एकाच पद्धतीचं घेतलं असतं." मग त्याने हब नावाची एक डबी आणली. ती मध्ये बसून याचा निरोप त्याला पोचवते. पहिल्या दिवशी बेल दाबली की बाथरूममधला दिवा लागायचा. दुसऱ्या दिवशी काकू येऊन, चहा पिऊन घरी गेल्या, तेव्हा हॉलमधला लुकलुकला. मोबाइलमध्ये तीन ॲप, तिघांचे तीन पासवर्ड, आणि प्रत्येक जण मलाच विचारतो, तुम्ही कोण म्हणून. डोकं उठलं नुसतं.

शेवटी एकदाचं जमलं. बेल वाजली की हॉलचा दिवा उघडझाप करणार. वायरमनने विचारलं, "पण हे हवंय कशाला?" मी म्हटलं, "हौस. छान दिसतं." झालं! त्या शहाण्याने हौसेला शोभेल असा मंद निळा उजेड ठेवला, आणि दिवसा कोण बघतंय म्हणून अंधार पडल्यावरच लागेल असं करून टाकलं. तू आलीस भरदुपारी.

काल त्याला बोलावून इतकी ओरडले की बिचारा पक्कड खाली ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिला. पण त्याचं तरी काय चुकलं? खरं कारण मी त्याला सांगितलंच कुठे होतं? तुलाही नाही.

बेल मला ऐकू येत नाही, ताई. नळ चालू राहिला तर तोही नाही. डावा कान गेलाच आहे, उजव्यात नुसती घरघर. समोर उभं राहून कोणी बोललं तर ओठांवरून कळतं, एवढंच. कुरिअर ऑफिसातली फोनवरची नोकरी मी कंटाळा आला म्हणून सोडली नव्हती. गिऱ्हाईक पत्ता सांगायचं आणि मी भलतीकडेच पार्सल पाठवायची. तू मला आळशी म्हणालीस, तेही मी चालवून घेतलं. डॉक्टर कानाला मशीन लावा म्हणून मागे लागलेत, पण मला लाज वाटते.

वायरमनला मात्र काल सगळं सांगितलं. त्याने लगेच दिवा पांढरा, लख्ख आणि दिवसरात्र चालेल असा केला, आणि स्वतः बाहेर जाऊन पुन्हा पुन्हा बेल दाबून पाहिली. तेव्हा केव्हाही ये.

पण एक विचारायचं आहे, आणि त्याचीच मला धास्ती वाटते. गेल्या महिन्यात तुझा फोन आला होता. तू बराच वेळ बोललीस आणि मग थांबलीस. मला त्यातलं काही म्हणजे काहीच कळलं नव्हतं. नेहमीप्रमाणे अंदाजाने मी म्हणाले, "अरे वा, छान झालं की!" तू फोन ठेवून दिलास. तेव्हापासून तुझं बोलणं बंद होतं, आणि रविवारी आपणहून आलीस तर हे असं झालं.

मी कशाला छान म्हणाले, ताई? भाओजी बरे आहेत ना?

लिहूनच कळव. फोन करू नकोस.

तुझी,
धाकटी